वारुळाची देवी: सातेरीच्या मुलखात श्रावणाचे चार दिवस

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला आणि गोव्यात गावोगावी सातेरी आहे. कुठे ती ग्रामदेवता, कुठे वेतोबा-रवळनाथ या गावदेवांच्या पंचायतनातली मानाची देवी. तिचं मूळ रूप मूर्ती नाही, वारूळ आहे. वारूळ म्हटलं की नाग आलाच, म्हणून सातेरीच्या गावात नागपंचमी हा देवळाचाही सण. बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध झालं. इकडची पूजा मातीची, वारुळाची आणि गणपती घडवणाऱ्या चित्रशाळेतून आणलेल्या मातीच्या नागाची. हे पाहायचं म्हणून नागपंचमी मधोमध धरून चार दिवस काढले.

पहिला दिवस: कुडाळ ते वेंगुर्ले

मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळ. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. उतरल्यावरच्या एसटीचा हिशोब दोन तास सैल ठेवावा. कुडाळहून वेंगुर्ले पंचवीसेक किलोमीटर, सावंतवाडीहूनही साधारण तेवढंच. दोन्हीकडून एसटी आहे. पण आतल्या वाड्यांची देवळं करायची असतील तर रिक्षा दिवसभरासाठी ठरवणं बरं. भाडं निघण्याआधी बोलून घ्यावं आणि थांबण्याचा वेळही त्यात धरून घ्यावा, कारण देवळात किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसतं.

वेंगुर्ले हे जुनं बंदर. डचांनी 1637 मध्ये इथे वखार घातली, तिचे अवशेष गावात आहेत. गावाची ग्रामदेवता सातेरीच. ‘वेंगेत उरली म्हणून वेंगुर्ले’ अशी व्युत्पत्ती इथे कोणीही सांगतं. देवी मूळची शेजारच्या अणसूरची, भक्ताने तिला मिठी घातली, म्हणजे वेंग मारली, आणि ती त्या वेंगेत उरली, अशी ती कथा. व्युत्पत्ती म्हणून ती टिकेल न टिकेल, पण देवीचं माहेर आतल्या गावात आणि थाटमाट बंदरात, हे गावाला पक्कं ठाऊक आहे.

इथलं देऊळ मोठं, नांदतं, दर्शनाला सोपं. सातेरीची पहिली ओळख इथे करून घ्यावी आणि मग लहान देवळांकडे वळावं. गाभाऱ्यात साडी नेसलेली, दागिने घातलेली, मुखवट्याची देवी दिसते. अशा देवळांत मुखवट्यामागे काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

ओटी बाहेरच्या दुकानात तयार मिळते. स्वतः भरायची तर खण किंवा साडी, नारळ, पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, विड्याची दोन पानं, हिरव्या बांगड्या आणि वेणी. नारळाची शेंडी देवीकडे. नारळ सोललेला पण शेंडी राखलेला हवा. शहरातून पूर्ण भादरलेला नारळ आणला तर गुरव काही बोलत नाही, बाजूला ठेवून देतो.

दुपारी जेवणाची थोडी फजिती. मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत, त्यात श्रावण, त्यामुळे खानावळीत ‘मासे नाय’ हे उत्तर ठरलेलं. त्याचं वाईट वाटायला नको, कारण ताटात काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, फणसाच्या आठळ्या घातलेली अळूची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी होती. संध्याकाळी पावसाने असा जोर धरला की बंदरावरून समोरचा समुद्रही दिसेना.

दुसरा दिवस: अणसूर, आरवली, शिरोडा

सकाळी उघडीप मिळाली. वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे निघालं की रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळमाळावरून, आणि काजूच्या बागांतून जातो. सड्यावर या दिवसांत इवली निळी-जांभळी फुलं उगवतात. वारुळं मोजत जावीत इतकी दिसतात: तांबड्या मातीची, कमरेएवढी, काही पुरुषभर, बहुतेक झाडाच्या बुंध्याला टेकलेली. ज्याच्यासमोर पणती, दोन फुलं किंवा नारळाची करवंटी दिसेल ते देवाचं. त्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी वर चढायचं तर नाहीच.

वारूळ हे वाळवीचं काम, नागाचं नव्हे. कामकरी वाळवी लाळेत मळून मातीचा एकेक कण लावते. आत बुरशीची शेती असते: चावलेल्या पाल्यापाचोळ्याच्या जाळीदार पोळ्यांवर वाळवी बुरशी वाढवते आणि तीच खाते. ही शेती जगवायला आतली हवा दमट आणि समशीतोष्ण लागते, त्यासाठी भिंती आणि पोकळ्या. वसाहत मेली, की माती तशीच उभी राहते आणि बिळं रिकामी होतात. तिथे आधी उंदीर येतात, उंदरांमागे नाग. नागिणीला अंडी घालायलाही अशी उबदार, दमट जागा लागते. उन्हाळ्यात घातलेली अंडी पावसाळ्यात फुटतात, म्हणून नेमकी श्रावणाच्या आसपास वारुळाजवळ पिल्लं दिसतात. नागपंचमीला खणू नये, नांगर धरू नये, या नियमाचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आरवलीत सगळे येतात ते वेतोबासाठी. नऊ फुटी उभा देव, नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याची भलीमोठी पायताणं. देव रात्री गावात फिरतो, म्हणून पायताणं झिजतात. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आताची पंचधातूची. वेतोबाची गर्दी पाहून लोक परस्पर शिरोड्याला जातात आणि त्याच गावची सातेरी राहून जाते. तसं करू नये. वेतोबा राखणदार आहे, पण जमीन सातेरीची. गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेल्या साकड्यात, ही नावं कोणत्या क्रमाने घेतली जातात ते कान देऊन ऐकलं की गावऱ्हाटीतली, म्हणजे गावच्या देवमानाच्या व्यवस्थेतली, उतरंड आपोआप कळते.

इथे कौलाबद्दल. काम होईल का, लग्न जुळेल का, घराचा पाया कुठे घालावा, हे देवाला विचारायचं तर कौल लावतात. गुरव ओल्या पिटकुळीच्या कळ्या किंवा फुलांच्या पाकळ्या देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो; काही देवळांत तांदळाचे दाणे. आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न स्पष्ट सांगायचा. मग कुठल्या बाजूची कळी आधी पडते त्यावर उत्तर. साधारणपणे उजवी पडली तर होकार, पण प्रत्येक देवळाचे संकेत निराळे, ते आधी विचारून घ्यावेत. दोन गोष्टी नवख्याला अडतात. एक, प्रश्न ‘करू की नको’ असा दुहेरी विचारतात. तो ‘हे करावं का’ असा एकेरी हवा, नाहीतर कळी पडूनही अर्थ लागत नाही. दुसरी, पावसाळ्यात दमट हवेने कळी सुकतच नाही. मे महिन्यात दहा मिनिटांत लागणारा कौल श्रावणात तासभर ताटकळत ठेवतो. मागे रांग असली तरी पंखा लावायला गुरव तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शिरोड्याला दुपारचा चहा आणि मिठागरं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाची ही जागा. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली असतात, त्यामुळे पाहण्यासारखं म्हणजे फक्त बांध आणि बगळे. थांबलो नाही.

तिसरा दिवस: नागपंचमी, एक लहान देऊळ

हे देऊळ वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतलं. नाव देत नाही, मानकऱ्यांची तशी इच्छा होती: वीस माणसं उभी राहतील एवढाच सभामंडप, त्यात सुटीची गर्दी नको. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, लाकडी खांब. गाभाऱ्यात वारूळ, छातीभर उंच, पुढे धातूचा मुखवटा.

गुरवकाका सकाळी सहाच्या आधी आले होते. पूजेचा क्रम पाहिला तो असा. आधी कालचं निर्माल्य हाताने उचलणं. झाडू वारुळाजवळ फिरवत नाहीत. मग मुखवटा उतरवून बाहेरच्या तांब्याच्या परातीत त्याचा अभिषेक: पाणी, दूध, पुन्हा पाणी, पुसून कोरडा. तोपर्यंत वारूळ उघडं असतं, आणि तेवढीच काही मिनिटं ते दिसतं. पृष्ठभाग गुळगुळीत नाही, बोटांच्या पेरांसारखा खडबडीत, वर तेलकट तांबूस झाक. नंतर साडी. ती वारुळाला गुंडाळत नाहीत. मागे लाकडी चौकट आहे, साडी तिच्यावर बसते आणि मातीला फक्त टेकते. पावसात चिकटून बसलेली साडी ओढली की मातीचे पोपडे निघतात, म्हणून ही युक्ती. शेवटी मुखवटा, फुलं, हळदकुंकू.

एका बाईने लोटीभर दूध आणलं होतं आणि ती थेट वारुळावर ओतणार होती. काकांनी हात आडवा धरला. “बाये, दूध मुखवट्याक. वारुळाक नाय. माती ती, विरघाळतली.” समयांबद्दलही तोच कडकपणा: “तेल लांब ठेवा हां. मातयेत मुरला की मुंगये येतत.”

दूध, नारळाचं पाणी, तेल आणि साखर या चार गोष्टींनी अशा वारुळांची वाट लागते. दुधाने बुरशी धरते आणि वास येतो. गोडाने मुंग्या येतात, आणि मुंगी ही वाळवीची पहिली वैरी. वसाहत जिवंत असेल तर ती मुंग्या संपवतात. तेलाने वरचा थर कडक होऊन खालच्या मातीपासून सुटतो. हौसेने गाभाऱ्याला ग्रॅनाइट बसवणं हा पाचवा उपद्रव. खालून येणारी ओल अडते, वारूळ वर्षा-दोन वर्षांत कोरडं पडून भेगाळतं. मग कोणी सिमेंटने भेगा भरतं. सिमेंट आणि माती एकत्र सुकत-फुगत नाहीत, पुढच्या पावसात जोड पुन्हा फुटतो, या वेळी रुंद. या वाडीत भेग पडली की सड्यावरच्या पडक्या वारुळाची माती आणून, चाळून, हाताला जेमतेम चिकटेल एवढीच ओली करून बोटाने दाबतात. एका वेळी करंगळीएवढा थर, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. वारुळाची माती सप्तमृत्तिकांपैकी एक आहे, त्यामुळे ती आणण्यात शास्त्राचीही अडचण नाही.

खरी पंचाईत लाकडाची आहे. देवीचं रूप वाळवीने बांधलेलं आणि देवळाचे खांब वाळवीला खायला तयार. शहरातला कंत्राटदार आला की पहिली सूचना असते भिंतीलगत 30 सेंटीमीटरच्या अंतराने 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरण्याची. इमारतीला ते योग्यच आहे. पण इथे गाभाऱ्याभोवती तसं केलं तर देवीचंच घर मारल्यासारखं, म्हणून बारा-पाचांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, ठरवून नको म्हटलं. त्याऐवजी खांब जमिनीतून काढून फूटभर उंच काळ्या दगडाच्या उथाळ्यावर बसवले. वाळवी उघड्यावरून चालत नाही, मातीची नळी करूनच वर चढते; दगडावर नळी लगेच दिसते. दर अमावास्येला कोणीतरी टॉर्च घेऊन उथाळे पाहतो आणि नळी खरवडतो. जोडीला वर्षातून एकदा, पावसाआधी, काजूच्या टरफलांचं काळं तेल लाकडाला. हे तेल कातडी भाजतं, हातमोज्यांशिवाय आणि उघड्या अंगाने लावू नये. वर्षानुवर्षं काजू फोडलेल्या बायकांचे हात पाहिले की सांगायला लागत नाही.

साडेआठला गाऱ्हाणं. प्रमुख मानकरी उभे राहिले, बाकीचे हात जोडून मागे. “बा देवा म्हाराजा, बाये सातेरी माऊली, आज ही लेकरां तुझ्या पायाशी इली आसत…” आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचा एकसुरी “व्हय म्हाराजा!” पाहुण्यांची नावंगावं गाऱ्हाण्यात घ्यायची तर आधी सांगावं लागतं, मध्येच चिठ्ठी पुढे करू नये. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता आणि निम्मे शब्द त्यात बुडाले, तरी ‘व्हय म्हाराजा’ एकदाही चुकला नाही.

नंतर घरोघरचे मातीचे नाग. गणपतीच्या चित्रशाळांत ते आधी आठवडाभर तयार होत असतात: वितभर, फणा काढलेले, पिवळे-काळे रंगवलेले. पाटावर नाग, पुढे लाह्या, दूध, दुर्वा, आघाडा. काही घरी त्याच फेरीत गणपतीचा पाट चित्रशाळेत देऊन येतात. विसर्जन संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, ओहोळात नाहीतर तुळशीच्या आळ्यात.

जेवण एका मानकऱ्याच्या घरी. आजीबाईंनी आधीच बजावलं, “आज तवो चुलीवर ठेवचो नाय, आणि सुरी आदोळीक हात नाय.” चिरणं, भाजणं, तळणं बंद, म्हणून सगळं उकडलेलं, आणि त्यात राणी पातोळी. खोबरं आदल्या रात्रीच खवून सारण करून ठेवलेलं. त्यांचं प्रमाण, पंधराएक पातोळ्यांचं: एका नारळाचं खोबरं, वाटीभर चिरलेला गूळ, वेलची. हे कढईत ओल जाईपर्यंत परतायचं. सारण सैल राहिलं तर उकडताना पाघळतं आणि पातोळी फुटते. दोन वाट्या धुऊन वाळवलेल्या तांदळाचं पीठ, चिमूट मीठ आणि साधारण सव्वा वाटी पाणी. पीठ ओतण्याएवढं पातळ नको, बोटांनी फासता आलं पाहिजे. हळदीचं पान धुऊन पुसून, त्यावर पातळ थर, मध्ये शिरेच्या एका बाजूला सारण, पान शिरेवर उभं दुमडून कडा दाबायच्या. मोदकपात्रात पंधरा मिनिटं. गरम असताना पान सोलू नये, पीठ पानालाच राहतं. पाच मिनिटं थांबलं की पान आपण होऊन सुटतं आणि शिरांची नक्षी पातोळीवर उमटते. वर तूप, सोबत नारळाच्या रसातले शिरवाळे.

दुपारनंतर चालताना काळजी घ्यावी. सड्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो, तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. घोट्यावर येणारे बूट, हातात काठी, संध्याकाळी टॉर्च. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. देवळातला कौल त्यानंतर लावावा, असं गुरवकाकांनीच सांगितलं.

जत्रेसाठी यायचं तर हा मोसम नव्हे. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तिथी प्रत्येक देवळाची वेगळी, म्हणून आधी फोन करून विचारावी. रात्री पालखी, मग मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार, पहाटेपर्यंत. मांडावर बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल न्यावी, आणि खाजं पहाटे निघतानाच घ्यावं. संध्याकाळी घेतलेलं रात्रीच संपतं. तरंगकाठ्या, म्हणजे साड्या नेसवलेल्या देवाच्या उंच काठ्या, पाहायच्या तर दसरा गाठावा.

चौथा दिवस: बांदामार्गे गोवा, कवळे

सकाळी सावंतवाडी-बांदा करून पत्रादेवीला गोव्यात शिरलो. गोव्यातल्या अनेक शांतादुर्गा मुळात सांतेरी, म्हणजे आपली सातेरीच, आहेत, आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध फोंडा तालुक्यातल्या कवळ्याची, पणजीहून सुमारे 33 किलोमीटर. ती मूळची साष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भाविकांनी देवीला नदीपलीकडे कवळ्याला आणलं. आजचं देऊळ 1738 मध्ये पुरं झालं, ते छत्रपती शाहूंच्या दरबारातल्या नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने. हे नारोराम रेगे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. तीन दिवस ज्या मुलखात फिरलो तिथल्याच माणसाने हे बांधवून घेतलं, ही गोष्ट दीपस्तंभासमोर उभं राहून आठवली की बरं वाटतं.

शिव आणि विष्णू यांच्यातलं भांडण मिटवणारी ती शांतादुर्गा. तिच्या दोन हातांत दोन साप, एक शिव आणि एक विष्णू, असं परंपरा सांगते. म्हणजे वारूळ मागे राहिलं, साप हातात राहिले. देऊळ देखणं आहे: घुमट, तळी, झुंबरं, चकचकीत फरशी. अंग झाकलेले कपडे हवेत, गाभाऱ्याचा फोटो नाही. दुपारच्या आरतीआधी पोचावं, नंतर गर्दी वाढते. इथे अर्ध्या तासात सगळं आटोपतं. वाडीतल्या त्या वीस माणसांच्या देवळात सकाळ गेली होती.

परतताना रस्त्याकडेला एक बाई पानांच्या पुड्या मांडून बसली होती. “हीं रोंयणीचीं, बायो.” रोंयण म्हणजे कोकणीत वारूळ, आणि पुडीत अळमी, म्हणजे अळंबी. वाळवी आत जी बुरशी पिकवते तिचीच ही छत्री, पहिल्या मोठ्या पावसांनंतर वारुळातून वर येते. तिची लागवड करून घेणं अजून कोणाला जमलेलं नाही, म्हणून भाव शेकड्यावर आणि चढा. कोवळी, छत्री न उघडलेली घ्यावीत. उघडलेली त्याच दिवशी काळी पडतात. ओळखीच्या माणसाने काढलेलीच घ्यावीत, स्वतः रानात जाऊन वेचण्याच्या फंदात पडू नये. विषारी कुठली ते पुस्तकावरून कळत नाही, आणि अभयारण्यातून काढायला बंदी आहे. आणल्या आणल्या निवडायची. देठाचं मुळाकडचं टोक खरवडून टाकायचं, मग तीन पाण्यांत, न चोळता, नुसती बुडवून काढायची. पहिलं पाणी लालभडक होतं, तिसऱ्यातही तळाला थोडी तांबडी माती बसते. ती मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो, कुंडीत घालावी.